रिकामं ताट परत जात नाही

बाबा गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी. घरात दुखवटा असला की आमच्याकडे वर्षभर सणाला चुलीवर कढई चढत नाही आणि दारात रांगोळी पडत नाही. चूल जाऊन गॅस आला तरी बोलायची रीत तीच राहिली. तळण नाही म्हणजे करंजी नाही, चकली नाही. मग गल्लीतलेच लोक फराळाची ताटं आणून देतात. मी जालन्याहून एसटीने देऊळगाव राजाला माहेरी पोचले, तेव्हा ओट्यावर अशी ताटं घासूनपुसून एकावर एक रचलेली होती. फराळ डब्यांत भरला होता. आई ताटांकडे बघत बसली होती.

"हे रिकामी कशी देऊ माय मी?" ती म्हणाली. "जनमभर कोणाचं ताट रिकामं देल्लं नाही."

"चिमूटभर साखर टाक अन् दे," मी म्हटलं. ती पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागली. आमच्या घरात साखरेचा विषय आता कुणी काढत नव्हतं.

बाबांना मधुमेह होता आणि जीभ मात्र हलवायाची. त्या दोघांचा निम्मा संसार या भांडणात गेला. साखरेचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. गावच्या बालाजीच्या यात्रेतून बाबा परत आले की ती त्यांच्या सदऱ्याचा खिसा उलटा करायची. त्यात रेवडीचे तीळ निघायचेच. "तीळ तर देवाचा प्रसाद असते," बाबा म्हणायचे, आणि आई दोन दिवस अबोला धरायची. आम्ही भावंडं हसायचो. एवढं सांभाळलेले बाबा शेवटी गेले ते हृदयाच्या झटक्याने, साखर ताब्यात असताना.

तेराव्याला जुन्या बायांनी तिला विचारलं, त्यांच्या नावानं काय सोडणार? गेलेल्या माणसाच्या आवडीची एक वस्तू सोडायची असते. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. आई म्हणाली, "साखर." चहासुद्धा बिनसाखरेचा. मला तो नेम पहिल्यापासून पटला नव्हता आणि न पटलेलं मी तोंडावर सांगते. भांडले तिच्याशी. ती एवढंच म्हणाली, "मी त्यायले मन भरून खाऊ देल्लं नाही. आता मी काऊन खाऊ?" मला तिचा राग येत होता आणि कीवही.

ताटांचा प्रश्न वहिनीने सोडवला. वहिनी घरीच वाढदिवसाचे केक करून विकते. जुन्या टीव्हीच्या टेबलावर तिचा ओव्हन असतो. "आई, मी बिस्किटं करते," ती म्हणाली. "वरून साखरेची नक्षी. ओव्हनमधी तळण नसते."

आईने विचार केला. घरातला धर्मशास्त्राचा निकाल तिच्याकडेच असतो.

"कढई नाही ना चढत?"

"नाही."

"मंग कर."

मैदा, लोणी, पिठीसाखर मळून वहिनीने पोळी लाटली आणि वाटीने गोल पाडले. बिस्किटं भाजून गार झाली. दुधात घोटलेली पिठीसाखर तिने आधी पातळ करून वर पसरली आणि ती सुकल्यावर घट्ट, रंगीत साखर मेंदीच्या कोनासारख्या कोनात भरली. मला एक कोन दिला. माझं फूल पाहून वहिनी तोंडावर पदर घेऊन हसली. ते फूल कमी आणि चेंगरलेलं झुरळ जास्त दिसत होतं.

"आण इकडं," आई म्हणाली.

तिने कोन हातात घेतला, दाबून अंदाज घेतला आणि बिस्किटावर ठिपके मांडले. रोज पहाटे दारात मांडायची तसेच, फक्त मोहरीएवढे. मग ठिपक्याला ठिपका जोडत गेली. कमळ झालं, शंखाची जोडी झाली, तुळशीवृंदावन झालं. बाबा गेल्यापासून तिने रांगोळीला हात लावला नव्हता. आता दारातली सगळी रांगोळी त्या बिस्किटांवर उतरत होती. वहिनी आणि मी नुसत्या बघत होतो. आई चक्क बोलायला लागली. ही रेघ जाड झाली, तो रंग फिक्का आहे, शेजारणीच्या ताटात कमळ ठेवा, तिला आवडतं. बऱ्याच महिन्यांनी मला माझी जुनी आई भेटली होती आणि मी सुखावले होते.

तेवढ्यात कोनाच्या टोकाशी साखर अडली. आईने ती बोटाने निपटली आणि बोट चाटलं. सगळा जन्म सैपाक केलेल्या बाईचा हात तो.

ती तशीच थांबली. बोट ओठांशीच होतं.

"मी इसरली," ती म्हणाली. "त्यायले इसरली मी."

उठून मोरीत गेली आणि चुळा भरायला लागली. एक, दुसरी, किती तरी. पाणी पडल्याचा आवाज आम्ही ऐकत होतो. मी मागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की ती रडत होती. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. "आई, साखरेच्या एका कणानं बाबा थोडेच विसरले जातात," मी म्हटलं. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून ती परत येऊन बसली. उरलेली बिस्किटं तिनेच पुरी केली. दर वेळी बोट ओल्या फडक्याला नीट पुसत होती. वहिनीने ताटं भरली आणि गल्लीत देऊन आली. एकही रिकामं गेलं नाही.

एक बिस्कीट आईने मागे ठेवलं होतं. त्यावर तिने नक्षी काढली नाही, उरलेली सगळी साखर जाडच्या जाड थापली. ते बशीत घालून बाबांच्या फोटोपुढे ठेवलं आणि कमरेची किल्ली काढून बशीशेजारी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आता नाही पाहत मी."