उघडी ठेवलेली जखम

टेमघरच्या दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरबाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. बारीक कापलेले पांढरे केस, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. सीमेवरच्या तंबूत जखमी जवानांची ऑपरेशनं करणारी ही पहिली बाई, एवढंच कंपाउंडर सांगायचा.

कारखान्यात पॉवरलूमच्या पट्ट्यात माझा उजवा हात सापडला तेव्हा मला त्यांच्याकडेच नेलं. त्यांनी जखम धुतली, साफ केली आणि टाके न घालताच पट्टी बांधली. माझं डोकंच फिरलं. आम्ही लूमवाले, धागा तुटला की तिथल्या तिथे जोडणारे.

"मॅडम, शिवा ना! असं उघडं कोण ठेवतं?"

"हिला काय येत न्हाय," बायको त्यांच्यादेखत म्हणाली. "चला दुसरीकडं."

बाई रागावल्या नाहीत. माझी बोटं एकेक करून हलवून बघत म्हणाल्या, "तंबूत मीही आधी घाईच करायचे. वरून छान शिवलेले हात आतून सडले. मग मी थांबायला शिकले, आणि हात वाचायला लागले."

आम्ही थांबलो. काही दिवसांनी त्यांनी टाके घातले. हात बरा झाल्यावर बाईंनी आपल्या खिशातून दोरा काढून तोडला आणि माझ्यापुढे धरला. मी त्याच हाताच्या बोटांनी गाठ मारली. त्यांनी ती ताणून पाहिली, मान डोलावली आणि दोरा परत खिशात ठेवला.

आता ड्युटीवर धागा तुटला की मी पूर्वीसारखाच झटकन जोडतो. बायकोशी वाजलं की मात्र लगेच समजूत घालायला जात नाही.

"एवढं गप का?" ती विचारते.

"पट्टी बांधलीय," मी म्हणतो, आणि तिला हसू फुटतं.