मधले त्याचे, कडेचे माझे

माझ्या धाकट्या भावाच्या नजरेत काहीतरी बिघडलं आहे, हे मला डॉक्टरांच्या आठ महिने आधी कळलं होतं. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. आज लिहून दुसऱ्यांदा सांगतो आहे.

बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून आमचं पाइप, मोटारी आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मी दुकानात बसतो. भाऊ छोटा टेम्पो घेऊन निर्ण्याला, कधी पार चिंताकीपर्यंत सामान पोचवायचा. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात आम्ही अर्धं शटर ओढून मागच्या खोलीत बसत असू. आमच्या थोरल्या अक्कानं हैदराबादचं घर बदलताना जुना टीव्ही आणि तिच्या मुलांचं खेळायचं मशीन आमच्याकडे पाठवून दिलं होतं. मुलं मोठी होऊन नोकरीला लागली होती. त्यात दोन प्लास्टिकची पिस्तुलं होती आणि एक झॉम्बींचा खेळ. मी सेहेचाळीस वर्षांचा, भाऊ एक्केचाळीसचा. दोन बाप्ये खुर्च्यांवर बसून टीव्हीवर पिस्तूल रोखतात, हे गावात कुणी पाहू नये म्हणूनही ते शटर अर्धं असायचं.

त्या खेळात आपल्याला चालावं लागत नाही. रुळावरच्या गाडीसारखा खेळच आपल्याला पुढे नेतो. ओसाड दवाखान्याच्या बोळांतून, तळघरांतून, मालगाडीच्या डब्यातून. कुठं वळायचं, कुठं थांबायचं हे आपल्या हातात नसतं. समोर मेलेली माणसं येतात, आपण फक्त नेम धरायचा. दोघं खेळत असले तर दोघांना एकच पडदा. एकाकडून सुटलेला दुसऱ्यानं टिपायचा, नाहीतर तो येऊन चावतो.

आमची आई, अव्वा, एकदा जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच उभी राहून बघत राहिली. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं, आमच्यात मेलेल्या माणसाला हातात लिंग देऊन, बसवून पुरतात. तिनं शांतपणे विचारलं, "ह्यांना बसवून पुरलं न्हाई वाटतं? म्हणून उठायलेत." भाऊ इतका हसला की त्याचा नेम चुकला. एरवी तो चुकत नसे. पडद्याच्या मधे आलेला एकही झॉम्बी त्याच्या हातून वाचत नसे. पापणी न हलवता तो मारायचा. कडेनं येणारे मात्र त्याला दिसत नसत. डावीकडून कुणी हात घातला की तो म्हणायचा, "हे जाग्यावर उगवलं काय?" मग त्यानंच वाटणी करून टाकली. "अण्णा, मधले माझे, कडेचे तुझे."

घरात ह्याचा एक अर्थ लावला गेला. आमच्याकडे रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. पाणी, बेलपान झालं की हात डोळ्यांसमोर धरून लिंगाकडे एकटक बघायचं. काळ्या झिलईवर दिव्याचा एक ठिपका उमटतो, नजर त्या ठिपक्यावर ठेवायची. माझं मन तिथं कधीच टिकत नाही. मला कुणाचा वॉल्व्ह यायचा राहिला आहे ते आठवतं. भाऊ मात्र लहानपणापासून तासभर बसायचा. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो मला हळूच म्हणाला होता, "अण्णा, आता बसलो की आजूबाजूचं सगळं इझतं बग. नुसतं लिंग ऱ्हातं."

अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. पूजेच्या वेळी त्याच्या कोपरानं उजवीकडचा तांब्या दोन-तीनदा कलंडला, तेव्हाही तिनं त्याला बोलू दिलं नाही. त्याचं चित्त इथं नसतं, म्हणाली. खेळातला त्याचा नेमही आम्ही पूजेचंच फळ समजत होतो. मी तर मठात चार लोकांत सांगितलं, की आमच्या तम्माला, धाकट्याला, साधायला लागलंय.

पण पूजा तासाभराची असते. खेळताना पूजा नसते. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी ती तपासली.

दिवाळीच्या आधीची एक दुपार. तो खेळत होता, मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. मी माझं पिस्तूल मांडीवर ठेवलं आणि रिकामा हात त्याच्या कानाजवळ नेला. मग हळूहळू पुढं सरकवला. माझी बोटं त्याच्या गालाच्या हाडापुढं आली तरी त्याला पत्ता नव्हता. पडद्यावर डावीकडून एक बाई आली आणि त्याला चावली. तो म्हणाला, "अण्णा, ही तुझी होती की." मी हात मागं घेतला आणि म्हणालो, "चुकलं बाबा."

त्याच दिवशी त्याला घेऊन बीदरला जायला हवं होतं. मी का गेलो नाही, ह्याचं उत्तर मी पुष्कळदा बदलून पाहिलं आहे. टेम्पो कोण चालवणार, हा विचार आला होता. पण तो नंतरचा. पहिलं कारण सांगायला लाज वाटते. प्रत्येक टप्पा संपला की खेळ एक पाटी दाखवतो, कुणी किती मारले त्याची. कबड्डीत, तोंडी हिशेबात, पोहण्यात, पूजेत, आयुष्यभर हा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान भाऊ माझ्या पुढं होता. त्या पाटीवर मात्र मी पुढं होतो. मधल्यांपेक्षा कडेचे जास्त येत. तो हसून म्हणायचा, "बंदुकीत तरी म्होरं गेलास." मला ते आवडत होतं. तो अख्खा हिवाळा आणि उन्हाळा मी कडेचे मारत बसलो, आणि रोज सकाळी टेम्पोची चावी त्याच्या हातात देत राहिलो.

जूनमध्ये बाजाराच्या वळणावर त्याच्या टेम्पोचा धक्का एका बाईला लागला. डोक्यावर जांभळांची पाटी घेऊन ती कडेनं चालली होती. तिच्या पावलाची दोन हाडं मोडली. रस्ताभर जांभळं झाली होती. दवाखान्यात ती मला रागानं काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मी त्यांच्याकडं बघूनच चालायलते. त्यांनीबी मला बघितलं असंल म्हणलं." ती आता चालते, पण लंगडत. आमच्या दुकानासमोरून जात नाही, पलीकडून जाते.

पोलिसांपेक्षा भाऊच स्वतःला जास्त विचारत होता, की समोर बघत असताना ती दिसली कशी नाही. तेव्हा मी त्याला बीदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठं उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं उभा होतो. पिस्तुलाचा चाप दाबणाऱ्या त्याच्या बोटाची पद्धत मला पाठ होती. कितीतरी वेळ बोट हललंच नाही.

बाहेर येऊन तो हसला. "ह्यातबी कडेचे तुझेच होते बग, अण्णा."

काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायची. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? बरोबर आलेली अव्वा पूजेबद्दल सांगू लागली आणि मधेच थांबली. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होतो. सख्ख्या भावांनाही हा आजार असू शकतो म्हणून त्यांनी मलाही त्याच यंत्रावर बसवलं. माझे डोळे स्वच्छ निघाले.

पंधरा दिवसांनी मागच्या खोलीत तो मशीनच्या वायरी गुंडाळत होता. मी शटरजवळ उभा होतो. तिथूनच सांगितलं, हाताचं, खेळातल्या पाटीचं, सगळं. त्यानं गुंडाळणं थांबवलं नाही.

"हात कवा धरलतास?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हंजी मी मठात सांगायच्या आधी का मागनं?"

तेव्हा मला आठवलं. कार्तिकात मठात त्याला चार माणसांसमोर उभं केलं होतं आणि पूजेत काय दिसतं ते बोलायला लावलं होतं. सगळं विझतं, मधे एकच उजेड राहतो, असं तो बोलला होता. म्हाताऱ्या माणसांनी त्याला हात जोडले होते. मी पहिल्या ओळीत बसलो होतो.

"आधी," मी म्हणालो. "मठाचं मागनं."

त्यानं दोन्ही पिस्तुलं खोक्यात ठेवली. मला वाटलं, आता टेम्पोचं काढेल, त्या बाईचं काढेल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

"डोळ्याचं जाऊ दे," तो म्हणाला. "मला खरंच वाटायलं होतं, मला साधायलंय म्हणून. तू तवा बोलला असतास तर मी तितं उभा ऱ्हायलो नसतो, अण्णा."

तो माझ्याशी बोलतो. दुकानात बसतो, फोनवर ऑर्डरी घेतो. टेम्पोला आम्ही माणूस ठेवला आहे. मशीनचं खोकं माळ्यावर आहे. सकाळची पूजाही त्यानं सोडली नाही. पण आता तो टक लावून बसत नाही. पाणी, विभूती, बेलपान, आणि लिंग लगेच चांदीच्या डबीत, डबी गळ्यात. दहा मिनिटांत उठतो.

त्याच्या आधी मी देवघरात जातो आणि कोपर लागू नये म्हणून त्याचा तांब्या उजवीकडून उचलून बरोबर समोर, मधोमध ठेवतो. तो येऊन बसतो. उजवीकडे हातानं चाचपतो, मग समोरचा तांब्या उचलतो आणि परत उजवीकडे, कडेला ठेवून देतो. रोज.