बाण खिशात ठेवा

खेळ सुरू झाला की काका दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे. माझ्या क्लासमध्ये खेळायला येणारे बाकीचे सगळे पहिल्या क्षणापासून माउस बडवत सुटायचे. काका मात्र कीर्तनाला बसल्यासारखे स्वस्थ. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं ओठ हलवत वाचायचे, परत वाचायचे आणि मग एका बोटाने एकच शब्द टाइप करायचे. मागून कोणी घाई केली तर म्हणायचे, "वायच थांब मरे. तो बोलता हा. तेका बोलूक दी."

हा "तो" म्हणजे खेळातला एखादा पहारेकरी, नाहीतर लोहार, नाहीतर गाढव हाकणारा म्हातारा. कॉम्प्युटरसमोर बसलेली माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पडद्यावरच्या माणसाशी अदबीने वागणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला.

मी तेव्हा मालवणच्या बाजारात, जाळी आणि दोऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटर क्लास चालवत होते. पाच मशीन, एक इन्व्हर्टर. सकाळी परीक्षेचे विद्यार्थी, दुपारनंतर कुणीही यावं, तासाप्रमाणे बसावं. दोन हजार पाचच्या सुमाराला काका पहिल्यांदा जिना चढून आले, एकेका पायरीवर गुडघ्याची समजूत घालत. हातात एक खोकं होतं.

चोवीस वर्षं मालवाहू बोटींवर आचारी म्हणून काढून ते गावी परतले होते. बोटीवरच्या एका परदेशी इंजिनिअरने नोकरी सोडताना हे खोकं त्यांना देऊन टाकलं होतं. आत एक सीडी आणि टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड माहितीपुस्तक. इंग्रजी ते त्या खेळातूनच शिकले. त्यामुळे त्यांना तलवारीचे सात प्रकार इंग्रजीत येत, पण बँकेचा फॉर्म माझ्याकडून भरून घ्यावा लागे. घरचा कॉम्प्युटर विजेने जळला म्हणून ते माझ्याकडे आले होते.

खेळ सोंगाचा. एका अनोळखी राज्यात आपण एक माणूस व्हायचं आणि हिंडायचं. काय करायचं ते कुणी सांगत नाही. कुणी भेटलं तर त्याला विचारायचं, म्हणजे एक शब्द टाइप करायचा. त्याला त्यातलं माहीत असेल तर तो बोलतो. नकाशासुद्धा नाही. काकांनी आलेखाचे कागद चिकटवून स्वतःच काढला होता, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबेल एवढा.

"लढाई कधी करता?" मी एकदा विचारलं.

"माझो मनिस लढणारो नाय. गजाली करणारो आसा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दशावतारात राजाक कोण भाषणां लिवन दिता गो? तोंड रंगवला की तूच राजा. मगे काय बोलूचा ता तुझा तू बघ."

मग त्या खेळाचा नवा भाग आला. मी पणजीला जाऊन तो घेऊन आले, सोबत एक ग्राफिक्स कार्डही. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, मच्छीमार रिकामे, त्यामुळे त्या दिवशी क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. खेळ सुरू झाला आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. काय ते पाणी! काय त्या लाटा! काकांनी तर टाळीच वाजवली. "अरे, ह्यां तां राज्य! मी हंय रवलंय!"

किनाऱ्यावर एक म्हातारी होडीवाली उभी होती. तिच्या तोंडाला आवाजही होता. तिचा मुलगा समुद्रातून परत आला नव्हता आणि त्याची अंगठी दूरच्या गुहेत होती, ती आणून द्यायची होती. काकांनी हात मांडीवर ठेवून सगळं ऐकलं आणि मग टाइप करायला बोट उचललं. पण टाइप करायची जागाच नव्हती. पडद्यावर तीन तयार वाक्यं आली. आणतो. मला काय मिळेल? जमणार नाही. त्यांनी पहिलं निवडलं, तसा हवेत एक सोनेरी बाण उमटला, गुहेच्या दिशेने.

"हो कसलो बाण?"

"काकानू, जंय जावचा आसा थंयची वाट दाखवता."

"पण मी खंय इचारलंय?"

त्यांच्या शेजारी ट्रॉलर चालवणारा एक तांडेल उभा होता. पस्तिशीचा, मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "काकानू, तुमच्या जुन्या खेळात मी तीन दिवस पयल्या गावातसून भायर पडाक नाय. ह्यो अर्ध्या तासात कळलो. वायट काय आसा तेच्यात?"

"वायट नाय रे. मुको आसा."

"आमच्या बोटीर आता जीपीएस आसा. आमी पण बाण बघूनच जातंव. म्हणान समुद्र लहान झालो?"

मुद्दा बिनतोड होता आणि काकांना तो कळला होता. "तुका मासे घेवन घराक येवचा असता," ते म्हणाले. "तुका बाण होयोच. माका खंय जावचा आसा? मी फिराक गेलंय."

सगळे हसले. काका उठले आणि नकाशाची घडी घालून जिना उतरून गेले.

पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. खरं सांगते, मला त्यांचा थोडा रागच आला होता. नव्या खेळाने क्लास भरला होता. आजवर खेळाकडे न बघणाऱ्या कॉलेजच्या चार मुली नंबर लावून बसत होत्या. सोपं केलं म्हणून त्या आल्या, मग बिघडलं काय? एका म्हाताऱ्या माणसाला त्याचं कोडं अवघडच हवं, म्हणून बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं?

सोळाव्या दिवशी काकी आल्या. त्या बाजारात मासळी विकायच्या. टोपली खाली दुकानात ठेवून, हात पदराला पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"बाय, ह्यांका हंय काय झाला गो? जेवूक बसतत नि गप. आदी निदान त्या खेळातल्या गजाली सांगीत. लोहार काय बोललो, पहारेकरी काय बोललो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चोवीस वर्षां बोटीर होते. आमका दोगांका दुसरा बोलूक काय आसा?"

मी त्यांना सरळ नव्या खेळासमोर बसवलं. माउस धरायला शिकवला. पहिल्यांदा तो टेबलावरून खालीच गेला. "तो बाण बघा काकी. तो दाखवता थंय चला." तासाभराने काकी गुहेच्या तोंडाशी पोचल्या आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मुली दचकल्या. "अगो, मी इलंय थंय! माझी मी इलंय!"

मग त्या रोज पाचला येऊ लागल्या. नवऱ्याला न सांगता. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मी मालवणीत सांगायची, त्या निवडायच्या. आठव्या दिवशी अंगठी मिळाली. काकी ती घेऊन धावत होडीवालीकडे आल्या. म्हातारीने आभार मानले. काकींनी तिच्यावर परत क्लिक केलं. परत तेच आभार.

"आता हिका काय इचारूचा?"

"काही नाही काकी. तिचं काम झालं. बाण बघा, आता पुढच्या गावाकडे वळला."

"बाण रवांदे. ही किती वर्षां झिलाची वाट बघी होती, ता हिका कोणी इचारूकच नाय."

"तसं विचारता येत नाही. तसं वाक्यच दिलेलं नाही."

"कित्याक नाय?" त्यांना खरंच समजत नव्हतं. "बाजारात अनोळखी गिऱ्हाईक पण इचारता, काकी, जेवलंस काय म्हणान."

त्या उठल्या आणि घरी गेल्या. मला वाटलं, आता याही यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघं एकदम आली. काकांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. "ही काल घराक येवन माका इचारता, त्या म्हातारीक बोलूक कित्याक देणत नाय," ते म्हणाले. "पयला माका हसूक इला. मगे हसूक येवक नाय." आणि खुर्ची ओढत म्हणाले, "जुनो खेळ लाव. दोन खुर्चे घाल."

त्यानंतरचे दीड महिने आमच्या क्लासने जे पाहिलं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. काका इंग्रजी वाचून मालवणीत सांगायचे, काकी काय विचारायचं ते ठरवायच्या, काका टाइप करायचे. काकींनी लोहाराला त्याच्या आईबद्दल विचारलं. पहारेकऱ्याला त्याच्या पायाच्या जखमेबद्दल विचारलं. निम्म्या वेळा उत्तर यायचं, मला माहीत नाही. "नाय तर नाय," काकी म्हणायच्या. "निदान तसा सांगता तरी."

एकच गोष्ट अडली होती. त्या राज्याला उत्तरेकडे एक दगडी दरवाजा होता. काकांना बोटीवर असल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, तो उघडता आला नव्हता. त्यांनी सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या होत्या, राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. शेवटी त्यांनी नकाशावर तिथे फुली मारून ठेवली होती.

एके दिवशी दोघं खेळातली नदी ओलांडत होती. जुन्या खेळातही तीच होडीवाली होती, फक्त तरुण.

"हिचो घोव खंय आसा?" काकी म्हणाल्या.

"कोणाचो?"

"हिचो. एकटी होडी चालयता. घोव खंय हिचो?"

"अगो, आठ वर्षां मी हिच्या होडीत बसतंय. मी कधी..." काका थांबले. त्यांनी सावकाश टाइप केलं, हजबंड.

एरवी एक ओळ उमटायची. या वेळी पडदा भरून मजकूर आला. काका वाचू लागले, आधी पुटपुटत, मग मोठ्याने, मग उभं राहून. "गवंडी होतो! उत्तरेचो दरवाजो तेणाच बांधल्यान! तेका कुलूप नाय, चावी नाय. हिचा नाव घेतला की तो उघडता!"

"मगे नाव इचारा तिचा!" काकी ओरडल्या.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर किंचाळायला लागला. पाच मशीनचा भार तो फार वेळ घेत नसे. "बंद करा! बाकीची सगळी बंद करा!" मी ओरडले. मुलींनी पटापट बटणं दाबली. तांडेल शेजारी नवा खेळ खेळत होता. त्याने सेव्हसुद्धा न करता वायरच उपटली आणि काकांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. काकांनी नाव विचारलं. होडीवालीने सांगितलं. मग नदी, पूल, डोंगर. एका बोटाने खेळणारा माणूस जेवढ्या वेगाने जाऊ शकतो त्याच्या दुप्पट वेगाने ते निघाले, आणि दरवाजासमोर येऊन त्यांनी ते नाव टाइप केलं. एक अक्षर चुकलं. "सावकाश वो!" काकी म्हणाल्या. परत टाइप केलं.

दगड सरकले.

असा कल्ला झाला की खालचा दुकानदार मारामारी समजून वर धावत आला. तांडेलाने त्याला मिठी मारली. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि काका त्यांच्याकडे असे बघत होते, जणू त्या आत्ताच कुठून तरी आल्या आहेत.

"मगे काकानू, नवो खेळ वायटच मां?" गलका ओसरल्यावर तांडेलाने मुद्दाम विचारलं.

"वायट कसो म्हणू?" काका म्हणाले. "तेच्या बाणानच हिका हंय हाडल्यान. माका ता आठ वर्षांत जमाक नाय." मग म्हणाले, "पण त्या बायचा तोंड बंद केल्यांनी. ता बरा केल्यांनी नाय."

त्याच आठवड्यात त्यांनी मला पत्र टाइप करायला बसवलं, खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीला. आपलं इंग्रजी त्यांनी मला बदलू दिलं नाही. मजकुराचा सारांश असा: पाणी फार सुंदर झालं आहे. बाणही असू द्या, माझी बायको त्याच्यामुळेच आली. पण तो खिशात ठेवा. ज्याला लागेल तो काढील. आणि म्हातारीचं बोलणं तिला परत द्या, तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की मालवणला आलात तर जेवायला या.

महिन्याभराने दोन ओळींचं छापील आभारपत्र आलं. मला वाईट वाटलं, पण काका खूश होते. "थँक यू म्हटल्यांनी. म्हणजे वाचल्यांनी."

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी चहा घेताना छातीत दुखायला लागलं. गाडी दारात यायच्या आत सगळं संपलं होतं.

दीड महिन्याने काकी जिना चढून आल्या. मी जुना खेळ लावला. सुरुवातीचं पान आलं, इंग्रजी मजकुराने भरलेलं.

"मी वाचून दाखवते काकी. ते सांगत तसंच सांगेन."

"नको," त्या म्हणाल्या. "माका वाचूक शिकय."

"सगळं?"

"सगळा."

मी पहिल्या शब्दाखाली बोट धरलं. वाय, ओ, यू. "यू," मी म्हटलं. "म्हणजे तू."

"आणि तुमी?"

"तुमी पण यूच. इंग्रजीत दोन नाहीत."

"मोठ्या मनशाक पण?"

"हो."

"घोवाक पण?"

"घोवाक पण."

काकी खुदकन हसल्या. "बघ मगे. हंय बसान मी तेंका तू म्हटलंय असतंय, तरी चालला असता."

मग पडद्याकडे बघत, अगदी हळू, त्या एकदा म्हणाल्या, "तू." आणि त्यांनी बोट पुढच्या शब्दावर ठेवलं.