तीनचाकी आणि दोन शिट्ट्या

धाकट्याच्या अंगणात वेल्डिंगची पहिली ठिणगी उडाली, त्या दिवसापासून मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं.

मिस्त्री म्हणजे गाड्यांचा मिस्त्री. बाजाराच्या मागे त्याचं गॅरेज, आणि आसपासची निम्मी वाहनं त्याच्या हाताखालून गेलेली. धाकटा भाऊ सुतार. टेबलं, कपाटं, पलंग करायचा आणि चांगले करायचा, हे मिस्त्रीही मान्य करी. पण लाकडातल्या माणसानं लाकडातच राहावं की नाही? हा पठ्ठ्या एक दिवस भंगारातून जुन्या व्हॅनचं इंजिन, तिचाच मागची चाकं फिरवणारा एक्सल आणि एका मोडक्या मोटरसायकलचा पुढचा अर्धा भाग घेऊन आला.

"दादा, घरच्या घरी तीनचाकी करणार," तो म्हणाला. "पुढे एक चाक, मागे दोन. वर ऐटीत बसायचं."

"केलीस मग!" असं म्हणून मिस्त्री पोटभर हसला. त्यानंतर बरेच दिवस त्याला हसू आलं नाही, कारण दुसऱ्याच सकाळी बाबा स्टूल उचलून धाकट्याच्या अंगणात जाऊन बसले.

बाबा बसचे निवृत्त कंडक्टर. राहायचे मिस्त्रीकडे, जेवायचे मिस्त्रीकडे, आणि ते स्टूलसुद्धा मिस्त्रीच्या गॅरेजातलं. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर बसून त्यांनी थोरल्याचं काम कधी पाहिलं नव्हतं. गॅरेजात यायचे ते सायकलमध्ये हवा भरायला, तीही स्वतः भरायचे आणि जायचे. मिस्त्रीनं अख्खी इंजिनं उतरवून परत चढवली, लोक लांबून गाड्या घेऊन त्याच्याकडे आले, पण बाबांच्या तोंडून "वा" म्हणून निघालं नाही. आणि आता सुतारानं नुसता नट फिरवला की "वा! बसला बघ घट्ट!"

जेवताना तर कहरच. "आज हँडल बसवलं त्यानं," बाबा घास हातात धरून सांगायचे. "असं बसवलं, की काय विचारू नकोस."

"नाही विचारत," मिस्त्री म्हणायचा.

"बाबांची तब्येत मात्र सुधारली हं, भावजींच्या गाडीमुळे," बायको वाढता वाढता बोलून जायची. "तुम्हीही जात जा की जरा. नाहीतरी घरी बसून भिंतीकडेच बघता."

तो जाणार नव्हता. पण सांगाडा उचलायचा होता तेव्हा धाकट्यानं निरोप धाडला आणि जावंच लागलं.

धाकटा आपल्या सवयीनं काम करत होता. सुतार टेबल जोडतो ते उलटं ठेवून, पाय आकाशाकडे करून. तसाच यानं तीनचाकीचा सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर पालथा टाकून जोडला होता, आणि त्याला मागचा एक्सलही वरून बोल्ट मारून बसवला होता. चौघांनी मिळून सांगाडा उचलला, सुलटा केला, चाकांवर उभा केला. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. एक्सलच्या पोटातलं तेल भरायचं बूच वर असायला हवं, ते खाली आलं होतं. सांगाडा पालथा असताना एक्सल सुलटा बसवला, म्हणजे सांगाडा सुलटा झाल्यावर एक्सल पालथा! आणि पालथा एक्सल चाकं उलटी फिरवतो. पहिला गिअर टाकला की ही बया पुढे न जाता मागे जाणार.

त्यानं सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"याला म्हणतात हात! कुणी शिकवावं लागत नाही. तूही बघून ठेव, कामाला येईल तुझ्या."

मिस्त्रीनं तोंड मिटलं. जा म्हणावं मागे, जा खुशाल. सगळ्या गल्लीसमोर फजिती होऊ दे, मग बाबा म्हणतील, अरे, थोरल्याला विचारायला हवं होतं. हा विचार त्याला इतका गोड लागला की त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. पुढे बुचाशी तेल झिरपायला लागलं, तर धाकट्यानं त्याला साबण चोपडला. तेही मिस्त्रीनं बघितलं आणि मूग गिळून गप्प राहिला. मग धाकट्यानं एक्सलभोवती सुंदर पॉलिश केलेली लाकडी पेटी बसवली आणि सगळं झाकून गेलं.

गाडी पहिल्यांदा चालवायच्या दिवशी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा राहिला. गल्ली लोटली होती. तीनचाकी अंगणाच्या भिंतीकडे पाठ करून उभी, लाल रंग, चकचकीत हँडल. दिसत होती देखणी, मेली. धाकटा वर चढला, इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"थांब, थांब!" बाबा स्टुलावरून उठले. "कंडक्टर असताना गाडी अशी सुटते होय?"

त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढली आणि सवयीनं गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, भिंत आणि चाकं यांच्यामध्ये. दोन शिट्ट्या झाल्या की गाडी सोडायची, हे दोन्ही पोरांना लहानपणापासून पाठ.

पहिली शिट्टी झाली. धाकट्यानं गिअर टाकला.

"बाबा, बाजूला व्हा!" मिस्त्री ओरडला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "मागे येणार ती! एक्सल पालथा आहे!"

बाबांच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. ते बाजूला झाले. खरं-खोटं बघायला धाकट्यानं भीतभीत क्लच सोडला, तशी तीनचाकी मुकाट्यानं मागे गेली आणि बाबा उभे होते तिथे भिंतीवर धडकली. पोपडे पडले. गल्ली खो खो हसायला लागली. हेच हसू ऐकायला मिस्त्री आला होता, पण तो त्या पोपड्यांकडेच बघत होता.

"तुला कधी कळलं?" बाबांनी विचारलं.

"आत्ताच. आत्ता लक्षात आलं."

बाबांनी फाटकाकडे पाहिलं, मग त्या पॉलिशच्या पेटीकडे. "तिथून एक्सल दिसतो?"

 

तेवढ्यात धाकटा खाली उतरला आणि पाना घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "दादा, आता तूच सुलटा कर. मला नाही जमायचं."

मिस्त्री इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. लोक पांगले. त्यानं पेटी काढली, बोल्ट सोडले, एक्सल फिरवला आणि परत बसवायला घेतला. तेव्हा त्याच्या डोक्याशी काहीतरी टेकल्याचा आवाज आला. बाबांनी स्टूल आणून ठेवलं होतं. ते बसले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्याच्या हातांकडे बघू लागले.

"हा आवळलास?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"परत आवळ. मी बघतोय."