पागेतला रविवार

आमचे हे पोलिसात, घोड्यावरचे. निवृत्तीला आले तरी कपड्यांचा वास काही जात नाही. धुऊन धुऊन मी थकले. यांचे गुडघे गेले, कंबर गेली, आणि आता या वयात साहेबांनी गळ्यात नवं लोढणं अडकवलं. रविवारी पागेत लोकांना बोलवायचं. ज्यांनी कशाची धास्ती घेतलीय, ज्यांना झोप नाही, त्यांनी घोड्याला खरारा करायचा, हात फिरवायचा. त्यानं म्हणे मन शांत होतं, पोलिसांवरचा विश्वासही वाढतो. माझं विचाराल तर, इतकी वर्षं घोडेवाल्याशी संसार करून माझं मन काही शांत झालेलं नाही!

आमच्या गल्लीतून मात्र कुणी फिरकेना. फिरकेल कसं? मोर्च्यावर घोडे घातले तेव्हा याच गल्लीतली माणसं तुडवली गेली. समोरच्या शिवणवालीचा खांदा त्यात मोडला. घोडी यांचीच होती. तेव्हापासून टापांचा आवाज आला की ती मशीन थांबवते, गर्दीत जात नाही, आमच्याशी तर अवाक्षर बोलत नाही. यांनी मनाला लावून घेतलं, की ती एकदा पागेत आली पाहिजे.

पण समोर कुणी हात उचलला की छातीनं रेटायचं, ही घोडीची तालीम. ती मोडायला हे स्वतः तिच्यापुढे हात वर करून उभे राहायचे आणि धक्के खायचे. घरी येऊन पाठ चोळायला मी आहेच! शेवटी म्हातारी घोडी शांत उभी राहायला लागली, तेव्हा मीच समोर शिवणवालीकडे जाऊन हात जोडले, "ताई, एकदाच या."

ती आली, माझं मनगट घट्ट धरून. हे लगाम धरून घोडीच्या शेजारी.  मग तिनं तो दुखरा हात हळूहळू वर नेला, घोडीच्या कपाळाकडे. घोडी जागची हलली नाही. पण यांचा हात झटकन कमरेला गेला, जिथं काठी असायची तिथं. यांना कळलंसुद्धा नाही. तिनं मात्र पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घोडीला चांगलं शिकवलंत, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लगाम वहिनींकडे द्या. तुम्ही तिकडे कुंपणापाशी थांबा."

मी जन्मात कधी घोडी धरली नव्हती. यांनी लगाम माझ्या हातात दिला.

आता ती दर रविवारी येते. हे कुंपणापलीकडे उभे असतात, दोन्ही हात वरच्या बांबूवर, तिला दिसतील असे ठेवून.