बाळंतपणाच्या रजेपुरती

दुष्काळाच्या साली मला पहिली नोकरी मिळाली, ती दुसऱ्या एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेपुरती. डी.एड. होऊन मी केडगावात घरीच बसले होते. हुकूम आल्यावर आईनं वळकटी बांधून दिली. नगरहून मिरजगावपर्यंत एसटी आणि तिथून आडवाटेनं चालत शाळेच्या गावी. मुख्याध्यापकांनी बाकीच्या गुरुजींशी ओळख करून दिली, "या बदलीच्या बाई." नाव सांगायचं राहून गेलं. नंतरही ते कुणी विचारलं नाही.

माझ्याकडं तिसरीचा वर्ग होता. फळ्यावर काही लिहिलं की मागून आवाज यायचा, "आमच्या बाई असं न्हाई शिकवत." ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. मुली तर फारशा येतच नव्हत्या. त्यांच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि धाकटी भावंडं मुलींच्या कडेवर असायची.

शाळा सुटली की गुरुजी सायकलींवरून मिरजगावला निघून जात. मी गावातल्या भाड्याच्या खोलीवर येऊन स्टो पेटवायचे, भात टाकायचे. भिंतीपलीकडं घरमालकिणीकडं गप्पा चाललेल्या असायच्या, पण मला कधी हाक आली नाही. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. थोड्या दिवसांनी जाणारीशी ओळख वाढवून करायचं काय? रविवारी दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

अशाच एका रविवारी, कुणाशी तरी बोलावं एवढ्यासाठी मी खडीच्या कामावर गेले. वर्गातल्या एका मुलीची आई उन्हात बसून हातोडीनं दगड फोडत होती. जवळच मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

"हिला शाळेत पाठवत जा ना," मी म्हटलं.

"अन् ह्याला कोन धरंल? तुमी?"

"त्यालाही आणू दे तिला."

तिनं हातोडी थांबवली. "खरं म्हनताय, बाई?"

सोमवारी मुलगी भावाला घेऊन आली. तिचं बघून बाकीच्याही येऊ लागल्या. कुणीतरी घरून जुनं लुगडं आणलं आणि वर्गातल्या आडव्या वाशाला झोळी टांगली. मग आणखी झोळ्या आल्या. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

"बाई, ही शाळा आहे का पाळणाघर?"

"सर, निदान मुली आल्यात."

त्यांनी एकेक झोळी वाकून पाहिली. मग म्हणाले, "रडारड माझ्या खोलीपर्यंत आली, तर बंद."

त्या धास्तीनं मी आवाज उतरवला. पाढे, कविता, धडा, सगळं कुजबुजल्यासारखं शिकवू लागले. ऐकू यावं म्हणून मुलं पुढं सरकून बसू लागली. कुणी बोललं की एखादी मुलगी डोळे वटारायची, "गप! उठंल की त्यो!" इतके दिवस मी ओरडूनही जो वर्ग गप्प बसला नव्हता, तो आता कान देऊन ऐकत होता. एका दुपारी तीच खडीवरची मुलगी एका पायानं झोळी हलवत अख्खा धडा न अडखळता वाचून गेली. मला फार आनंद झाला. संध्याकाळी खोलीवर तो सांगायला कुणी नव्हतं. स्टोपाशी बसून मी एकटीच हसले आणि मग उगाचच रडू आलं.

रजा संपली आणि बाई आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन आल्या. मुलं धावत त्यांना बिलगली. मुलींनी एक झोळी झटकून बाळासाठी मोकळी केली. बाईंचे डोळे भरून आले. "मी याला कुठं ठेवू, याच काळजीत होते हो," त्या मला म्हणाल्या. "कसं जमवलंत हे?"

"जमलं," मी म्हटलं. सगळं सांगावंसं वाटत होतं, पण मुलांनी त्यांना केव्हाच आत ओढून नेलं होतं.

मुख्याध्यापकांनी चांगला शेरा दिला. त्या शेऱ्यावर पुढं अशाच बदलीच्या नोकऱ्या मिळत गेल्या आणि काही वर्षांनी कायमची नोकरीही लागली. त्या गावी मात्र परत गेले नाही. कितीदा मनात आलं, पण तिथं जाऊन कोण म्हणून सांगणार होते?