भिंतीपलीकडची घरघर

संकट येण्याआधी धरणीमाता आपल्या लेकरांना सूचना देते, असं भूकंपानंतर आमच्या गावात आलेले एक साहेब माईकवरून सांगून गेले. घाबरू नका, असंही म्हणाले. गावात मुक्काम करा म्हटल्यावर मात्र त्यांना दुसरीकडची बैठक आठवली.

वसमत तालुक्यातल्या आमच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, अधूनमधून हादराही बसतो. म्हणून पत्र्यावरचे दगड काढून घ्या, असं सगळ्यांना सांगितलेलं. माझ्या घरात पत्र्याची एकच खोली, आणि आई तिथंच झोपते. दगड काढले तर वाऱ्यानं पत्रे जातील, म्हणून मी ते राहू दिले होते. त्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिला हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

थंडीतली दुपार होती, लाईट गेलेली. मी शाळेत शिकवतो; त्या दिवशी सुट्टी, म्हणून अंगणात उन्हाला बसलो होतो. अचानक घरातून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. जाड, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. फळीवरचे पेले किणकिणायला लागले.

"ऐकून राहिलास का रे?" आई आतून म्हणाली. ती इतक्या शांतपणे बोलली की मी ताडकन उठलो.

पत्र्यावरचे दगड खालून दिसत नाहीत, पण कुठला कुठं आहे ते मला पाठ होतं. सगळ्यात मोठा तिच्या उशाच्या वर होता. हलवलं तर खुबा, नाही हलवलं तर दगड. मी दारातच उभा राहिलो. बायकोनं गादीची दोन टोकं धरली. समोरच्या घरातले भाऊ धावत आले. आईला गादीसकट उचलताना ती उंबऱ्यात एकदाच कण्हली. त्या कण्हण्याची मला त्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

आम्हाला असं बाहेर पडताना पाहून अख्खी गल्ली बाहेर आली.

आवाज थांबेना. जमिनीतला आवाज एकदा गडगडतो आणि जातो, हा मात्र चक्कीसारखा चालूच. मी जमिनीला तळहात लावून पाहिला. काहीच नव्हतं. घर मात्र घुमत होतं. आईच्या गोळ्या आत राहिल्या होत्या. डोक्यावर हात धरून मी आत शिरलो, जणू दगड हातानं अडणार होता.

पुढच्या खोलीत ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागलेला होता. लाईट आली होती, हे कुणाला कळलंच नव्हतं. आईला तिच्या खोलीत भजनं ऐकू यावीत म्हणून सकाळी मी टीव्ही त्याला जोडून आवाज वाढवला होता. लाईट आल्यावर टीव्ही बंदच राहिला, ॲम्प्लिफायर मात्र आपोआप चालू झाला, आणि तिच्या भिंतीला टेकलेले दोन्ही स्पीकर घरघरत होते. मी ॲम्प्लिफायरमधून टीव्हीची वायर उपसली. एकदम शांत झालं.

भ्यालेल्या माणसाला एक पुरावा पुरत नाही. मी वायर पुन्हा खुपसली. घरघर आली, पेले वाजले, बाहेर बायका ओरडल्या. वायर काढली, थांबली. खात्री पटली.

बाहेर आलो तर गल्ली पार सडकेपर्यंत सरकली होती. मी स्पीकरचं सांगितलं.

"सर, आमाला काहून येड्यात काढता?" समोरचे भाऊ म्हणाले. "दोनदा झालं. मी सवता ऐकलं."

मी आईजवळ बसलो. पाय हलतो का, हे विचारायला तोंड उघडेना. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि न विचारताच अंगठा हलवून दाखवला.

"मी आत येत न्हाई," ती म्हणाली. "आधी वरचं ते उतरव."

त्याच दुपारी शिडी लावली. दगड उतरवून होईपर्यंत मोबाईलवर बातमी फिरली होती: आमच्या गावात दोन सौम्य धक्के, जीवितहानी नाही.